एका आईच्या लेकी

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

माझा खोकला आता बराच कमी आहे. आईचा ताप उतरला का?

"वडीलही एक नाहीत, मग ताईच्या घरात तू कोण?" असे आत्याबाई म्हणाल्या आणि तू बॅग भरलीस. त्यांचा मुद्दा तपासू. येथे आम्ही ज्या सातेरी मधमाश्यांचा अभ्यास करतो, त्यांच्या पोळ्यात आई एकच, वडील अनेक. म्हणूनच लेकींचे स्वभाव भिन्न. उकाडा वाढला की काही तत्काळ पंखांनी वारा घालू लागतात, काही सावकाश. त्यामुळे पोळे ना तापते, ना एकदम गारठते. तेथे परकी कोणीच नसते.

आई आजारी पडताच तू धावलीस. मी अजून रजेचा विचारच करते आहे. तेव्हा बॅग रिकामी कर. कपाटाचा वरचा कप्पा तुझाच आहे.

तुझी, उशिरा पोहोचणारी,
ताई