न उचलायचा फोन

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात फोन नव्हता, म्हणून आधी फोनचंच सांगते. तेव्हा पूर्णेत फोन म्हटला की स्टेशनमास्तरच्या खोलीतला. आता तो ज्याच्या त्याच्या कनवटीला असतो, भाजीवालीच्याही आणि माझ्याही. आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी आता तिघीच उरलोय. मी इथं पूर्णेत, एक पाथरीला, एक पोखर्णीला. गावाच्या नावानंच आम्ही एकमेकींना हाका मारतो. चौथी जिंतूरला होती. ती वारली हे आम्हाला कळलं तोवर तिच्या घरचे रडून मोकळेही झाले होते. दारात उभं राहून तिची सून म्हणाली, "तुमाला कुणी कळवलं न्हाई का?" परत येताना जीपमध्ये पाथरीवालीनं ठरवूनच टाकलं, की रोज सकाळी रिंग द्यायची. पोखर्णीवालीनं मला, मी पाथरीवालीला, तिनं पोखर्णीला. एकदा-दोनदा वाजली की तोडायची. रिंग आली म्हणजे बाई उठली, हिंडतेय-फिरतेय, आजची काळजी मिटली. उचलायची मात्र नाही. उचलली की सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळं निघतं आणि सकाळची कामं खोळंबतात. गप्पांना दुपार आहेच. जिची रिंग येणार नाही तिला फोन लावायचा, हेही ठरलं होतं. पण रिंग थांबलीच नाही तर काय करायचं, हे आम्हा तिघी बीए झालेल्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मध्यंतरी पोखर्णीवालीला तिच्या मुलानं काचेचा नवा फोन आणून दिला, बोटानं सरकवायचा. तिची बोटं जन्मभर खुरपं धरलेली, त्या काचेला ती कळेनात. ती तोडायला जायची आणि फोन वाजतच राहायचा. तोडलेला पुन्हा लागायचा. एकदा असाच तीनदा वाजला म्हणून घाबरून मी उचलला, तर तीच माझ्यावर खेकसली. "उचलायचा न्हाई ठरलंय ना आपलं? इथं माझी धार काढायची राहिली!" मी म्हटलं, "बाई, तूच तीनदा केलास." "म्या न्हाई केला, यानं केला," म्हणाली आणि फोनलाच चार शिव्या हासडल्या. तेव्हापासून रिंग लांबली की मी हसायचे आणि वाजू द्यायचे.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. फोन शेजारी पाटावर. तिचं नाव आलं, फोन वाजायला लागला. दोनदा वाजला, थांबला नाही. वाजून वाजून बंद झाला. मी मनात म्हटलं, अडकलं बाईचं बोट. पुन्हा वाजायला लागला. मी फोनकडे बघतेय, हसतेय आणि माझे हात मेथीत आहेत. एकदा हात फोनपर्यंत गेलाही होता, आई. मग वाटलं, सकाळी सकाळी तिची बोलणी कोण खाईल! दुसऱ्यांदाही फोन वाजून गप्प झाला. मी हात पुसले, पाथरीला माझी रिंग दिली, तोडली आणि चहा ठेवला. चहा छान झाला होता. हे सांगायची काही गरज नाही, पण मला ते सारखं आठवतं.

बऱ्याच वेळानं पाथरीवालीचा फोन आला. रिंगची वेळ टळून गेली होती, म्हणून मी उचलला. "पोखर्णीचा आला का गं सकाळी?" मी म्हटलं, "आला की. लय लांब आला, तोही दोनदा. तिचं ते काचेचं खेळणं." ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, तिच्या घरी कुणी न्हाई आज. सगळे लग्नाला गेलेत. काल दुपारी बोलली न आपल्याला? एकटीच हाय ती आखाड्यावर." आखाडा म्हणजे तिचं शेतातलं घर. गाव लांब, आजूबाजूला नुसता कापूस आणि मेंढरांचा वाडा. तिनं सांगितलेलं मी ऐकलं होतं, "मजा हाय बाई, दोन दिवस टीव्ही तुझ्या एकटीचा" असं वर चिडवलंही होतं, आणि सकाळी साफ विसरले होते.

मी तिला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा. सकाळी ती जशी माझी वाट बघत असेल तशी आता मी तिची बघत होते. तिच्या मुलाला लावला तर पलीकडे बँडचा धिंगाणा, तो नुसता "हॅलो, हॅलो" करतोय. शेवटी बाहेर येऊन बोलला, "काकू, आमी नांदेडच्या पल्याड हाव. गावात चुलतभाऊ हाय, त्याला पाठवतो आखाड्यावर. तुमी घाबरू नका." पण माझ्यानं घरात बसवेना. पाथरीवाली म्हणाली, "मी निघाले." मीही दाराला कुलूप लावलं आणि होते त्या साडीवर परभणीची एसटी धरली. तिथून पोखर्णीला जायचं, पुढचं पुढं बघू.

एसटीत मला तू आठवलीस. खरं तर तू नाही, तुझं ते ओरडणं. मी पुस्तकात डोकं घालून बसायचे, तू बाहेरून हाक मारायचीस आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग तू हातातली कोळशाची पाटी तशीच घेऊन दारात यायचीस. इंजिनांची राख चाळून वेचलेला तो कोळसा, तोंडापासून कोपरापर्यंत काळी झालेली तू. "हाक मारली की आधी ओ द्यावा. काम काय हाय ते मागून इचारावं." मला राग यायचा. तुझं काम नेहमी असायचंच, आणि मला शिकायचं होतं. तेव्हा मी चुकत नव्हते, असं मला अजूनही वाटतं. पण एसटीत बसून मी तुझ्याशी भांडत होते आणि तू काही गप्प बसत नव्हतीस.

या पोखर्णीवालीला मी पहिल्यांदा आपल्या घरी आणलं तो रविवार तुला आठवतो का? हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळलेली ही धनगराची पोर माझ्याबरोबर पॅसेंजरनं आली. तू भाकऱ्या थापत होतीस. ताट वाढलंस आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलंस. मला बाजूला घेऊन म्हणालीस, "ती आपल्या घरचं खाती का, इचार आधी. मागून तिच्या घरी तमाशा नको." मी भडकले. असलं विचारायचं म्हणजे माझाच अपमान वाटला मला. आपल्या कुजबुजण्याकडे बघत ही चुलीपाशी येऊन बसली, पालथं ताट स्वतःच काढलं आणि म्हणाली, "मावशी, लय भूक लागलीय. बोलत काय बसलाव?" ती ठेच्याबरोबर भाकरी मोडत होती आणि तू चुलीकडे तोंड करून उगाच फुंकत बसली होतीस, जाळ चांगला पेटलेला असताना.

पुढच्याच महिन्यात तिचा बाप दारात उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. वस्तीतले चार लोक जमले, आता काय होतंय बघायला. तू पुढे झालीस आणि मला मागं ढकललंस. "पोरगी इथं जेवली म्हणं," तो म्हणाला. तू म्हणालीस, "जेवली." त्यानं तुझ्याकडे बघितलं, आत चुलीकडे बघितलं. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "मग मला पाणी तरी द्या की." घटाघटा पाणी प्यायला, जाताना खांद्यावरची घोंगडी तुझ्या हातात दिली आणि मागं न बघता स्टेशनकडे चालू लागला. त्या दिवशी तू मला एकच सांगितलंस, "या पोरीला अंतर देऊ नको." मी दिलं नाही, आई. नोकरी, लग्नं, बाळंतपणं, तिचा नवरा गेला, माझे गेले, या सगळ्यात मी कधी तिला अंतर दिलं नाही. म्हणून तर त्या सकाळचं मला काय करावं कळत नाही.

परभणीच्या स्टँडवर उतरले आणि माझा फोन वाजला. तिचं नाव. तिचा फोन, पण बोलणारं कोण असेल? मी फोन हातात धरून उभी आहे, गर्दी धक्के मारतेय, आणि माझं बोट पुढे होत नाही. उचलला नाही तर ती अजून आहे, असं काहीतरी वेडगळ डोक्यात. एक बाई म्हणाली, "आज्जी, तुमचा वाजायलाय." मी उचलला. पुरुषाचा आवाज होता, तिच्या पुतण्याचा. "काकूला परभणीला आणायलोत जीपमधी. गोठ्यापाशी पडल्या, उठता यीना." मी विचारलं, "बोलायलीय का?" तो म्हणाला, "बोलायल्यात काय, शिव्या द्यायल्यात. हळू चालव म्हणून." मी तिथंच एका पोत्यावर बसले आणि रडले. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात पोचले तेव्हा पाथरीवाली आधीच तिच्या उशाशी, वाटेत पोखर्णीला तीच जीप धरून आलेली. आडवी झालेली आमची पोखर्णीवाली केवढीशी दिसत होती! केसांत अजून शेणामातीचे कण. तिनंच सांगितलं. धार काढून येताना, मला रिंग द्यायची म्हणून फोन हातात घेतला आणि शेणावरून पाय सटकला. पडल्या पडल्या आधी माझंच नाव दिसलं, ते दाबलं. दोनदा. मग कळ अशी आली की फोन हातातून सुटला आणि घसरत गव्हाणीखाली गेला. "मागून तुझे फोन यायचे. दिसायचे मला. हात पुरंना बाई. तुझं नाव वाजायचं अन् मी तिथंच पडलेली."

मी तिचा हात धरला होता. सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "मला ठावं होतं, तू आंघोळीला गेली असशील. मी म्हणलं, ही आंघोळ करायलीय, बाहेर आली की बघल. म्हणून धीर धरला. न्हाईतर भ्यानंच मेले असते." पाथरीवालीनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं, मीच तिला सांगितलं होतं हसत हसत. मी म्हणाले, "हो, आंघोळीलाच होते." आणि पाथरीवाली खाली मान घालून म्हणाली, "हो गं, मलाबी तसंच बोलली ती."

नंतर बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. मी म्हटलं, "मी सांगते तिला." ती फटकन म्हणाली, "कुणासाठी सांगतीस? तिच्यासाठी का तुझ्यासाठी?" मी म्हटलं, "तू खोटं का बोललीस?" तर म्हणाली, "तू एकटीनं खोटं बोलायचं अन् मी बघत बसायचं व्हय? तिला मोडलेलं हाडच पुरं हाय." जन्मभरात आम्ही दोघी इतक्या कडू आवाजात कधी बोललो नव्हतो. मग तिनं पिशवीतून डबा काढला, अर्धी चपाती माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाल्ली. ती म्हणते ते बरोबर असेल. मला तसं वाटत नाही. सांगितलं तर ती दोन शिव्या देईल आणि माफ करेल, हे मला माहीत आहे. पण जमिनीवर पडून तिनं ज्या भरवशावर तेवढा वेळ काढला तो भरवसाच खोटा होता, हे तिला कशाला कळायला पाहिजे? आणि न कळलं तर मी तिची कोण? रोज मी या दोन्ही बाजूंनी विचार करते आणि स्वयंपाकाला उशीर होतो.

हे खरं तर तिला लिहायला घेतलं होतं. वर तुझं नाव घातलं, कारण तू उलटून विचारणार नाहीस. कागद इथंच डब्यांच्या मागं राहील. ती आता मुलाच्या घरी गावात आहे, काठी घेऊन चालायला शिकतेय. रिंग द्यायचं बंद झालं. आता ती सकाळी सरळ फोन करते आणि मी पहिल्याच घंटेला उचलते. माझी अडचण होऊ नये म्हणून ती आधी एकच विचारते, "आंघोळ झाली का गं तुझी?" मी म्हणते, झाली. थंडी असो, अंग दुखत असो, पाणी तापायचं असो, तिचा फोन यायच्या आत मी अंगावर दोन तांबे ओतून घेते, निदान तेवढं तरी तिच्याशी खरं बोलता यावं म्हणून.