माझ्यामागे लेस्तेरचं रमचं दुकान

मी, मेलव्हिना अगाथा बेडो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय रमचे दुकान, राहणार लेस्तेर, कॅरिआकू बेट, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, चष्मा लावला की मला नीट दिसते, आणि आज सकाळपासून मी कोकोच्या चहाखेरीज काही घेतलेले नाही. या कागदासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी तो आणून पाहिला त्यांची नावे पुढे येतीलच. याआधीचे सर्व कागद, विशेषतः माझ्या मुलाने ब्रुकलिनहून टाइप करून पाठवलेला, रद्द समजावेत.

१. मला माझ्या वडिलांशेजारी पुरावे. थडग्यावर दगड बसवायची घाई करू नये, पण बसवाल तेव्हा मेजवानी रीतसर करावी. त्यासाठी पतपेढीत वेगळी रक्कम ठेवली आहे. पूर्वजांच्या नावाने जमिनीवर शिंपडायला कडक रमच घ्यावी, जिच्यात बर्फाचा खडा टाकला तर तळाला जातो ती. पाहुण्यांना लिंबू-साखर घातलेला रमचा पंच चालेल. माझ्या आईवडिलांना पंच आवडत नसे.

२. पंचाची कृती. ग्रेनाडातले हॉटेलवाले मिस्टर हार्टली या कृतीसाठी तीनदा बोटीने आले. चौथ्यांदा माझा फोटो काढून नेला, आणि बाटलीवर छापायचा आहे हे मला दुसऱ्याकडून कळले. तेव्हा ती इथेच लिहिते, म्हणजे कोणाला विकत घ्यायला नको. लिंबाचा रस, तांबड्या साखरेचा पाक, पांढरी रम, पाणी, कडवट अर्काचे चार थेंब. दालचिनीच्या सालीसह दोन दिवस झाकून ठेवावे. जायफळ गिऱ्हाइकासमोर किसावे, आधी किसून ठेवू नये. यात गुपित काही नाही. लोकांना दोन दिवस थांबवत नाही, एवढेच. मिस्टर हार्टलींना याची एक प्रत पाठवावी. फोटो परत मागावा.

३. मुलगा अल्बन यास: हार्वे व्हेल येथील जमीन, माझ्या वडिलांचे होकायंत्र आणि माझे आशीर्वाद. दुकान नाही. तो वाईट नाही. पण वादळानंतर मी इस्पितळात असताना त्याने हार्टलींना फोन करून दुकानाबद्दल बोलणी केली, आणि मला सांगितले, "मम्मी, तिथे आता उरलंय काय?" काय उरले होते ते पुढच्या कलमात वाचावे.

४. दुकान, त्यातील माल, परवाना, फळ्या आणि दारावरची पाटी मी नॉरिस लेंडोर, वय एकसष्ट, होड्या बांधणारा सुतार, यास देते.

हे वाचून गावात काय बोलतील ते मला ठाऊक आहे. ज्या माणसाला मेलव्हिनाने सव्वीस वर्षांत रमचा थेंब विकला नाही, त्याला रमचे दुकान? म्हणून कारण लिहिते.

त्याआधीची अकरा वर्षे मी त्याला विकत होते. रोज. तो होडीच्या कामावरून येई, मी ओतत असे, तो घरी जाई. घरी काय होते ते मला माहीत होते. आमची घरे शेजारी, भिंती पातळ आहेत आणि त्याची बायको क्लेमेन्शिया माझ्याच विहिरीवर येत असे. मी स्वतःला सांगत असे की मी नाही दिली तर दुसरा देईल. हे खरे होते, आणि तरी मीच देत होते. ही गोष्ट मी कोणावर ढकलत नाही.

१९९८ च्या ऑगस्टात, एका शनिवारी सकाळी, क्लेमेन्शिया स्वतः दुकानात आली. तिचा ओठ सुजलेला होता. तिने अर्धी बाटली मागितली. मी विचारले, तू कधीपासून घ्यायला लागलीस?

ती म्हणाली, "त्याच्यासाठी. आयती हातात मिळाली की आज तरी लवकर झोपेल."

मी बाटली काढली होती. ती परत फळीवर ठेवली. क्लेमेन्शियाला मागच्या खोलीत नेले, दार लावले, आणि संध्याकाळी नॉरिस आला तेव्हा सगळ्यांसमोर सांगितले की त्याला या दुकानात आजपासून काही मिळणार नाही, बायकोही नाही.

तो म्हणाला, "रम न विकणारं रमचं दुकान! बघू किती दिवस चालतं."

फार चालले नाही. होड्यांवरची सगळी माणसे त्याच्याबरोबर दुसरीकडे गेली. वर्षभर माझ्याकडे खारवलेला मासा आणि रॉकेल एवढेच खपले. क्लेमेन्शिया मागच्या खोलीत चार महिने राहिली, मग हिल्सबरोला जाऊन शिवणकाम करू लागली. ती त्याच्याकडे परत गेली नाही. नॉरिसने पिणे सोडले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, आणि त्याचे श्रेय ना मला, ना तिला. एके दिवशी तो दुकानात आला, लिंबाचे सरबत मागितले, मी दिले.

मग मागच्या जुलैत वादळ आले. छप्पर गेले, दार गेले, तुळई माझ्या कमरेवर पडली. मला ग्रेनाडाला इस्पितळात नेले. सहा आठवडे मी तिकडे होते, दुकान इकडे उघडे पडलेले, आणि बेटावर कोणाला प्यायचे पाणी धड मिळत नव्हते, तिथे माझी भरलेली फळी. मी ती गेली असेच धरून चालले होते.

परत आले तर दाराच्या जागी नॉरिस खुर्ची टाकून बसलेला. पहिल्या दिवसापासून तिथेच होता. छप्पर त्यानेच घातले होते. बाटल्यांच्या मानेवर वादळाची वाळू जशीच्या तशी होती. एकही बूच हललेले नव्हते.

मी त्याला विचारले, "तूसुद्धा नाही?"

तो म्हणाला, "दोन बाटल्या बुचावरूनच हुंगल्या, मिस मेलव्हिना. खोटं कशाला बोलू. मग पलीकडे जाऊन बसलो."

दुकान त्याला द्यायचे मनात आले ते तेव्हा. पण आधी मी हिल्सबरोला जाऊन क्लेमेन्शियाला विचारले. ती नाही म्हणाली असती तर हे कलम लिहिले नसते. तिने कापड मशीनखालून काढले, दोरा तोडला आणि म्हणाली, "दुकान द्या त्याला. मागची खोली मला द्या. किल्ली माझ्याकडे राहील. कुणा बाईला लागली तर."

५. म्हणून मागची खोली, तिचे वेगळे दार आणि खाट क्लेमेन्शिया लेंडोर हिची. नॉरिसने तिथे पाऊल ठेवू नये. त्याला हे मान्य आहे.

६. नॉरिसला मी हे सगळे मागच्या मंगळवारी सांगितले. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला की आपल्याला त्या बाटल्यांच्या फळीसमोर उभे करणे बरोबर नाही. मी म्हटले, ओतायला कोणीही मिळेल, वेळेवर ओतणे थांबवणारा मला हवा आहे. मला थांबायला अकरा वर्षे लागली. तो उठून गेला. तीन दिवस दिसला नाही. मी दुसरे नाव शोधू लागले होते.

शुक्रवारी दुपारी तो करवत घेऊन आला आणि काउंटर वीतभर कापायची परवानगी मागू लागला.

मी विचारले, "कशाला? माझ्या वडिलांनी बांधलाय तो."

"फार उंच आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या माणसाचे हात दिसत नाहीत. तोंड काही बोलो, आता पुरे हे हात आधी सांगतात."

मी काप म्हटले. हा कागद त्याच कापलेल्या काउंटरवर, बसून, कोपर टेकवून लिहिला आहे. मला तो आता बरोबर उंचीचा आहे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि त्यातला एकही शब्द बदलायचा नाही. अंमलबजावणी मिस व्हर्लिन कायेन पाहतील. त्या चाळीस वर्षे शाळेत शिकवत होत्या, त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

सही: मेलव्हिना अगाथा बेडो

साक्षीदार, आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. व्हर्लिन कायेन, निवृत्त शिक्षिका, लेस्तेर
२. जोसाया क्वाशी, शिडे शिवणारे, विंडवर्ड

ठिकाण: लेस्तेर, कॅरिआकू
दिनांक: १७ मार्च २०२५