फोनवर ऐकलेला शब्द

१२ मार्च
किडनी मिळत होती, आणि मी नको म्हणाले.

दुकानात होते. तोंडात टाचण्या, समोर माप द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक. हॉस्पिटलच्या बाई फोनवर इंग्रजीतून भराभर बोलत होत्या — किडनी आहे, लगेच या, डोनर ‘डिसीज्ड’ आहे. डिसीज म्हणजे रोग, एवढं इंग्रजी येतं मला. दोन वर्षं डायलिसिसच्या सुया टोचून घेणाऱ्या नवऱ्याच्या अंगात रोग्याची किडनी घालू? ‘नो,’ म्हणाले. बाईंनी पुन्हा विचारलं, ‘शुअर?’

‘शुअर.’

यांना सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर.

१३ मार्च
जेवताना लेकीला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

‘आई, नीट आठव. डिसीज्ड म्हणाल्या की डिसीस्ड?’

‘एकच ना ते?’

‘नाही गं. डिसीस्ड म्हणजे मेलेला. मेलेल्या माणसाची किडनी होती ती. चांगली.’

तिनेच हॉस्पिटलला फोन लावला. ती किडनी दुसऱ्या कुणाला बसवलीसुद्धा. यांचं नाव यादीत आहे अजून, हॉस्पिटलवाले म्हणाले.

१४ मार्च
काही सुचत नाही. शर्टाची बाही उलटी जोडली. उसवली, परत उलटीच जोडली.

१५ मार्च
यांना सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, ‘मीही तेच ऐकलं असतं. अर्धा कप चहा टाक.’

चहा टाकला. रडूही येईना.

२ एप्रिल
फोन उशाशी घेऊन झोपते. अंघोळीला जाताना लेकीच्या हातात देऊन जाते. आज शिवता शिवता एकदम डोक्यात आलं — मी रोज कुणाच्या तरी मरणाची वाट बघतेय. मशीनवरचा पाय थांबला तो थांबलाच.

१९ एप्रिल
हे आत आहेत, ऑपरेशन चालू आहे. सकाळी फोन आला तेव्हा सगळं दोनदा विचारून घेतलं. रस्त्यावर अपघात झाला, बाई म्हणाल्या. तरुण मुलगी होती. किडनी उत्तम आहे.

हो म्हटलं. खाली लेक हॉस्पिटलला जायला गाडी काढत होती. तिला म्हटलं, सावकाश चालव.