शेपटीवरची खाच

हार्डिंग्ज कोव्ह, १२ जून

प्रिय मेरिल,

दार उघडत नाहीस, म्हणून पत्र. मी बरी आहे. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या बेटावरचा चर्चचा मनोरा दिसतो. ताडपत्रीखालची तुझी बोटही दिसते, भर जूनमध्ये, ऐन हंगामात.

गुरुवारी राजधानीत सुनावणी आहे. मासेमारीच्या कायद्यात, शिक्षेच्या कलमात, ‘जाणूनबुजून’ हा शब्द परत घालायचा का, यावर. मला बोलायला बोलावलंय. हसशील. एकोणीस वर्षांपूर्वी तो शब्द मीच काढायला लावला. “चुकून ठेवली काय, मुद्दाम ठेवली काय, अंड्यांची मादी मेली ती मेलीच!” सभागृह उभं राहिलं. मागून तू ओरडलास, “ताई, बस आता, नाहीतर शेवंडंही मतदान करतील!”

बाबांनी शिकवलं होतं : शेवंडाची गाभोळीची, पोटाशी अंडी असलेली मादी सापडली की शेपटीला खाच पाडून सोडायची. पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात आली, तरी त्यानं खाच बघून सोडायची. पण कात टाकली की खाच भरत जाते.

ऑक्टोबरात धक्क्यावर इन्स्पेक्टर ड्वाइटनं तुझ्या पेटीतून ती मादी उचलली.

“मेरिल, खाच आहे रे.”

“ही खाच? माझ्या हनुवटीची खळी याहून खोल आहे!”

“मुद्दाम नाही ठेवलीस, ठाऊक आहे मला. पण कायदा ते विचारत नाही.”

“कसा विचारेल? आमच्या ताईची कृपा!”

आणि कॅप्टन म्हणून गुन्ह्याच्या कागदावर तू सही केलीस. तीन वर्षं परवाना बंद, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

त्या दिवशी तू सुकाणूवर होतास, पिंजऱ्यातली शेवंडं निवडायला मी. मला नीट दिसत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच आहे. पण खाच अंगठ्यालाही कळते, मेरिल. माझा अंगठा त्या कडेवर अडकला होता. हाक मारली असती, तर तू बघून पाण्यात सोडली असतीस. हात गारठले होते, बारा पिंजरे उरले होते. माशानं चावा घेतला असेल, असं स्वतःला सांगितलं आणि पेटीत टाकली.

म्हणजे तो शब्द कायद्यात असता, तर तू सुटला असतास. मी नाही.

आज सकाळी ड्वाइटला हे लिहून दिलं. गुरुवारी तेच वाचणार, भाषण नाही. परवाना परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण शिक्षेआधी कायद्यानं माणसाला एकदा विचारलंच पाहिजे. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी आठ महिने गप्प बसले.

जाणूनबुजून,
तुझी ताई
लिओना