लाल टोपीवरचा आकडा

प्रिय बार्ना,

शनिवारच्या सत्कारापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. आमची इबोया म्हणते, तलावाचं पाणी पोटात गेलं असेल. चाळीस वर्षं तेच पाणी गिळतोय, कधी बाधलं नाही. सरळ सांगतो, मला किळस आली आहे, आणि ती कोणाकोणाची ते लिहायला बसलोय. कंटाळलास तरी यादी शेवटपर्यंत वाच.

पहिला मान नगराध्यक्षबाईंचा. माझ्या ‘पोहण्यातल्या तेजस्वी कारकिर्दीवर’ त्या वीस मिनिटं बोलल्या. वॉटर पोलोवाल्याला पोहणारा म्हणायचं म्हणजे आचाऱ्याला वाढपी म्हणण्यातलाच प्रकार. वर हळूच मला विचारतात, “वेंडेलकाका, तुम्ही एकूण गोल किती केलेत हो?” मी म्हटलं, “बाई, मी गोलकीपर. गोल होऊ द्यायचा नाही हेच माझं काम.” तर म्हणाल्या, “अगंबाई, म्हणजे एकही नाही?” आणि माझ्या दंडावर थोपटलं, सांत्वनाला आल्यासारखं.

मग ते पाण्यात ढकलणं. आपण जिंकल्यावर म्हाताऱ्या प्रशिक्षकाला बुटांसकट उचलून टाकायचो, तेव्हा तो शिव्या घालत बाहेर यायचा आणि आपण रडेपर्यंत हसायचो. इथे ते छापील कार्यक्रमपत्रिकेत होतं. क्रमांक नऊ, सत्कारमूर्तींना पाण्यात टाकणे. क्रमांक दहा, अल्पोपाहार. माझ्या हाताखाली तयार झालेल्या चार पोरींनी मला धरलं, त्यातली एक म्हणाली, “काका, गुडघा सांभाळा, बाजूने टाकतो,” आणि मला ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं! निथळत्या कोटानिशी शिडी चढलो, आणि समोर टॉवेल घेऊन तू.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मी पत्रिका पाठवली होती ती तू येणार नाहीस या खात्रीवरच. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकलास, भिंतीवरच्या त्या नव्या कांस्यपाटीकडे पाहिलंस आणि म्हणालास, “तुझा फोटो छान आलाय रे, वेंडेल.” मग अल्पोपाहारातली एक खारी पोगाचा रुमालात बांधून घेतलीस आणि बस गाठायला निघून गेलास. मी आत तोंड धुवायला गेलो आणि ओकलो.

ती पाटी तू नीट पाहिलीस का? फोटोवरून जशीच्या तशी ओतली आहे. पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेला माणूस, तोंडासमोर चेंडू, उजवा दंड कानाला टेकलेला, आणि लाल टोपीवर एकचा आकडा. खाली माझं नाव. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की लाल टोपी गोलकीपरची, आणि एक नंबर आपल्या वेंडेलचा. पण लाल टोप्या दोन असतात हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? दुसरी, म्हणजे तुझी, बाकावर बसते. तिच्यावर तेरा असतं. त्या दंडामागे तीन दडलेलं आहे.

फेब्रुवारीतला तो सामना, वरच्या गटात जायचा. बर्फामुळे आपल्या गावातलं कोणी आलं नव्हतं, एक तो वर्तमानपत्रवाला सोडून, आणि त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोटोखाली माझं नाव छापून आलं. सगळा संघ पोट धरून हसला. तू सगळ्यांत जास्त. “राहू दे रे, तीन माझ्या नशिबात नव्हतं,” म्हणालास. मी म्हटलं, उद्या जाऊन दुरुस्त करून घेतो. उन्हाळ्यात प्रशिक्षकाची जागा निघाली. अर्ज दोनच आले, तुझा आणि माझा. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर ते वर्तमानपत्र होतं. मी ते पाहिलं, आणि गप्प बसलो. तू शेजारच्या खेड्यात पोरांना हातपाय मारायला शिकवायला गेलास, आणि माझ्याकडे एकामागून एक चषक येत गेले. पोरींच्या राष्ट्रीय विजेतेपदांना मी नाकारत नाही, त्यांत माझा घाम आहे. पण तलावाचं ते दार मला तुझ्या हाताने उघडलं होतं.

सोमवारी नगरपालिकेत जाऊन हे सांगितलं. बाई म्हणाल्या, “काका, ओतकाम झालंय. आणि दोन्ही टोप्या लालच ना?” मला त्यांचा रागही येईना. एकतीस वर्षं मीही मनाला हेच समजावत आलोय.

यादीतलं शेवटचं नाव आता तुझ्या लक्षात आलं असेल. पण फोटोचं तुला ठाऊकच होतं, त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. तुला ठाऊक नाही ते वेगळंच आहे. शेवटच्या विश्रांतीत मी पोटरी धरून कण्हलो, पेटका आला म्हणालो, आणि तू घाईघाईने टोपी बांधून पाण्यात उतरलास. बार्ना, मला पेटका आला नव्हता. त्यांचा तो डावखुरा माझ्याकडे बघून हसला होता, आणि मी घाबरलो होतो. माझी पोटरी तू चोळत होतास, आणि मी कण्हत होतो. सोबतच्या पुडक्यात तुझी तेरा नंबरची टोपी आहे. त्या दिवशी पाण्यातून मीच उचलली होती आणि कपाटात तळाशी दडवली होती, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. रविवारी दहा वाजता पोरींचा सराव असतो. त्या पाटीखाली उभा राहून मी हे सगळं सांगणार आहे, पेटक्यासकट. तू येऊ नकोस असं मला मनातून वाटतंय, म्हणूनच सांगतो, ये. आणि या वेळी टॉवेल आणू नकोस.

तुझाच, बाकावरचा,
वेंडेल