काकूंची बुडालेली पायरी

राहाता, मंगळवार, संध्याकाळ

नव्या घराचं जोतं रस्त्यापासून किती उंच घ्यायचं, यावरून आज भिका मिस्त्रींशी हुज्जत घातली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी दोन फुटांवर अडून बसलो. मिस्त्री पहार घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात गेले आणि एकुलत्या एका पायरीपुढची खडी उकरली. खाली आणखी दोन पायऱ्या निघाल्या!

"रस्ता दर डांबराला वर चढतोय, सर. घर न्हाई चढत."

साडेतीन फूट ठरलं. आणि आईचं काय? तिच्यासाठी बुटक्या, रुंद पायऱ्या. विटा रचून त्यांनी तिला चढवूनसुद्धा पाहिलं. काय माणूस आहे!

काकूंच्या त्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून मी लहानपणी पेरू खायचो. ती कधी बुडाली, मला कळलंच नव्हतं.