गंजीवरचं कापड

रेल्वे कॉलनी, दौंड
रविवार, ९ मार्च २०२५

ती. रविराजदादास,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची ड्यूटी या महिन्यात दिवसाची आहे. राजश्रीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? ज्वारी काढून झाली असेल. कडबा यंदा कुठे रचलास?

हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. पण क्रमानं सांगते, नाहीतर मधूनच पळ काढीन.

मागच्या सोमवारी मी फोन करून म्हणाले, गेल्या गुढीपाडव्याला आणून दिलेल्या कापडांतली उरलेली दोन आत्ताच्या आत्ता पाण्यात बुडवून ठेव. तू हसलास. "कंपनी भिकंला लागली का काय गं? जुनी फडकी मागाय लागली!" मीही हसले. कारण विचारलंस तेव्हा "कारखान्यात तपासणी चाललीय" एवढंच बोलले. ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

आमच्याकडे तणनाशक बनतं हे तुला माहीत आहे. त्यातल्या एका पायरीला एक काळी भुकटी लागते. कोळशाच्या बारीक पुडीवर पॅलेडियम नावाचा धातू बसवलेला असतो, सोन्याच्या पंगतीतला. काम झालं की ती भुकटी जाड सुती कापडातून गाळून पुन्हा वापरायची, आणि थकली की धातू परत काढायला बाहेर पाठवायची. शंभर ग्रॅम गेले तर नव्वदच परत यायचे. उरलेले दहा कुठे जातात ते शोधायचं काम जानेवारीत माझ्याकडे आलं. मी धुण्याचं पाणी एका टाकीत अडवलं, त्यावर बारीक गाळणी बसवली, भुकटी ओतताना उडायची ती थांबवली. घट निम्म्यावर आली. आमचे मॅनेजर सत्यजीत सर खूश झाले. पण उरलेली निम्मी सापडेना.

शेवटी आमचा जुना ऑपरेटर चांगदेव म्हणाला, "म्याडम, भिताडं कशाला हुंगताय? कापडं तर आपुनच वाटतो की. माझ्या कांद्याच्या ढिगावर दोन हाईत, गोठ्याला एक."

जुनी कापडं लोक घरी न्यायचे. मजबूत असतात, फेकवत नाहीत. गेटपासवर 'टाकाऊ कापड' असं लिहून सही मीच करायचे. विणीत किती भुकटी अडकून राहते ते कधी कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

त्या सोमवारी मी एक ओलं कापड मागच्या भिंतीपाशी लोखंडी दांडीवर उन्हात टाकलं. वाळवून वजन करायचं होतं, बस. चांगदेव शेजारी उभा होता. पाऊण तासानं जळका वास आला आणि काळा कोपरा निखाऱ्यासारखा लाल झाला. काडी नाही, ठिणगी नाही. "आयला, बिनकाडीचं पेटलं की!" असं म्हणून त्यानं बादली ओतली. मी तिथूनच तुला फोन लावला.

ही भुकटी वाळली की आपोआप तापते. तिच्या ड्रमवर तसं लिहिलेलं असतं. वीस वर्षं मी ते वाचते आहे.

दादा, पाडव्यानंतरच्या त्या शनिवारी आभाळ आलं होतं म्हणून तू पिशवीतली दोन ओली कापडं सकाळी कडब्याच्या गंजीवर पसरलीस. मग आभाळ गेलं, कडक ऊन पडलं. दुपारी गंजी पेटली. शेजारी बांधलेली कालवड गेली.

आदल्या दिवशी बांधावरून भिमाजीभाऊ तुला म्हणाले होते, "तुझी बी मस्ती जिरंल, रव्या." भावकीतलं भांडण, तोंडातून गेलेला शब्द. तरीही तू लगेच पोलिसांत गेला नव्हतास. तू आधी मला विचारलंस, "सुलक्षणा, आपोआप लागंल का गं?" मी म्हणाले, ओला कडबा आतून तापतो, वाळलेला नाही. म्हणजे कुणीतरी लावली. हेच मी हवालदारांपुढे सांगितलं आणि जबाबाखाली सही केली. गावात कुणी शंका काढली की तू म्हणायचास, "आमची सुलक्षणा एम.एस्सी. हाय." भिमाजीभाऊ दोन रात्री कोठडीत बसले. त्यांच्या मुलीची, मोनिकाची, ठरलेली सोयरीक मोडली. तिच्या आई, सुषमाकाकू, अजून पाणवठ्यावर कुणाशी बोलत नाहीत.

इथवर लिहून मी एकदा उठले होते. आता उरलेलं.

मी रोज वही लिहिते, तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षीची काल काढली. तेरा एप्रिलच्या पानावर कडबा, कालवड, पोलीस सगळं आहे. शेवटी एकच शब्द लिहून वर दोनदा रेघ मारली आहे: 'कापड?'

म्हणजे मला त्याच दिवशी सुचलं होतं. मी खोडलं. का? कापडं मी दिली होती म्हणून, का तू इतका रडत होतास म्हणून? रात्रभर विचार केला. दोन्ही खरं असावं. पहिलं जास्त.

कामगारांकडची सगळी कापडं बुडवून परत आणवली आहेत. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कंपनीला कापडाचं सांग. आगीचं कशाला? वर्ष झालं विझून." विझली कुठे? अठरा तारखेला शिरूरच्या कोर्टात तू शपथेवर भिमाजीभाऊंचं नाव घेणार आहेस.

सत्यजीत सरांना मी अहवाल दिला आहे, गंजीसकट. उद्या अकराला बोलावलंय. नोकरी राहील असं धरून चालत नाही. माझा जबाब चुकीचा होता, असं लिहून सरकारी वकिलांकडे दिलं आहे. अठराला मी कोर्टात उभी राहणार. तू रागावून थांब म्हणालास तरी.

पण त्याआधी, शुक्रवारी सकाळी, मी गावी येते. भिमाजीभाऊंच्या दारात जायचं आहे. ते आत घेतील का माहीत नाही. काकू चप्पल उगारतील तर उगारू देत. तू बरोबर यावंस असं वाटतं. तू फसलास, मी फसवलं, हा फरक मी त्यांच्यासमोर आधी सांगेन. आला नाहीस तर मी एकटी जाईन, आणि तिथून तुझ्याकडे येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

जिच्या शब्दावर तू भावकी तोडलीस, ती तुझी धाकटी बहीण,
सुलक्षणा